ग्रँड कॅन्यनचे फोटो : कोपरखैरण्याच्या काकांच्या चार प्रश्नांना एक लांबलचक उत्तर

काका, उत्तराला आठवडा लागला त्याबद्दल सॉरी, पण तुमचा प्रश्न दोन ओळीत उडवून लावण्यासारखा नव्हता आणि मधे माझी दोन लग्नांची कामं होती (पोट त्यावर चालतं, दऱ्याखोऱ्यांवर नाही).

तुमचं म्हणणं आधी परत मांडतो म्हणजे घोळ नको. तुम्ही आणि काकू ऑगस्टच्या शेवटी मुलीकडे फिनिक्सला चाललाय, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मुक्काम. त्यात पाच दिवस मुलगी गाडीने फिरवणार आहे, ग्रँड कॅन्यन, पेज गाव, मॉन्युमेंट व्हॅली. कॅमेरा कॅननचा क्रॉप सेन्सरवाला (म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी लहान), लेन्स १८-५५ आणि ५५-२५० (हे मिलिमीटर, आकडा लहान तर दृश्य जास्त मावतं, मोठा तर लांबचं जवळ येतं). चार प्रश्न आहेत. १०-१८ वाइड लेन्स घेऊ का, ट्रायपॉड ओढत न्यायचा का, कुठल्या पॉइंटवर किती वाजता उभं राहायचं, आणि हरिश्चंद्रगडाला कोकणकड्यावर काढलेल्या फोटोत आकाश पांढरंफटक नि दरी काळीठिक्कर आली तसं तिकडेही होईल का.

मी ठाण्याचा, वीसेक वर्षं सह्याद्रीत कॅमेरा घेऊन हिंडतोय आणि त्या कॅन्यनच्या भागात चार वेळा जाऊन आलोय. पहिल्या वेळचे फोटो आजही कोणाला दाखवत नाही. का ते पुढे येईलच.

शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण बाकीचे तीन त्यातूनच सुटतात. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, तुम्ही संध्याकाळी सूर्याकडे बघत उभे होतात, आकाश झगझगीत आणि दरी स्वतःच्या सावलीत. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं कारण डोळा सारखा इकडून तिकडे फिरत जुळवून घेत असतो, कॅमेऱ्याला एकाच क्लिकमध्ये दोन्ही मावत नाही. त्यातून आपला दगड बसाल्ट, काळा, उजेड पिऊन टाकणारा. त्यामुळे कॅमेऱ्याने बिचाऱ्याने मधलं काहीतरी धरलं आणि दोन्हीकडून मार खाल्ला. दोष तुमचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. फक्त उजेड कुठून येतोय हे बघायच्या आधी तुम्ही फोटो काढलात.

हे शिकायला अमेरिकेला जायची गरज नाही, तुमची कोपरखैरण्याची गच्ची पुरेल. गच्चीवरून पूर्वेला पारसिकचा डोंगर दिसत असेल. सकाळी सूर्य त्याच्या मागून येतो, तेव्हा डोंगर काळा आणि आकाश पांढरं, म्हणजे तुमचा कोकणकडाच. तोच डोंगर संध्याकाळी बघा, खाडीच्या बाजूने ऊन सरळ त्याच्या अंगावर पडतं, पावसाळ्यात मागे जांभळे ढग असले तर हिरवा रंग नुसता पेटतो आणि मोबाईलनेही फोटो छान येतो. पण या दोन्हीपेक्षा मला आवडते ती तिसरी वेळ, सूर्य बुडल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. उघडीप असेल तर पारसिकच्या मागे क्षितिजालगत एक राखाडी-निळा पट्टा चढताना दिसेल आणि त्याच्या वर फिकट गुलाबी. तो खालचा निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली, हवेवर पडलेली. लोक पश्चिमेकडे तोंड करून सूर्यास्ताचे फोटो काढत असतात आणि ही गंमत पाठीमागे चाललेली असते. आपल्याकडे धुरळा आणि दमटपणामुळे ती मळकट दिसते, वाळवंटात इतकी स्वच्छ दिसते की मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं माझ्या चष्म्याला काहीतरी झालंय.

तर जायच्या आधी पंधरा दिवस एवढंच करा. सकाळ-संध्याकाळ गच्ची, एकच डोंगर, पावसाने परवानगी दिली की दर दहा मिनिटांनी एक फोटो. काकू हसतील, हसू दे.

आता तिकडचं. ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर आणि खोली दीड किलोमीटरच्या वर. हे आकडे सांगतोय ते इम्प्रेस करायला नाही, तर यासाठी की एवढी मोठी गोष्ट फोटोत मावत नाही आणि मावली तरी मोठी वाटत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी एक वाजता माथर पॉइंटला उभा राहिलो, तोंडाचा आ वासला, वाइड लेन्स लावली, तीनशे फोटो काढले, आणि ठाण्याला आल्यावर कॉम्प्युटरवर बघतो तर काय, चुरगाळलेला खाकी कागद वाटावा तसं सगळं. कारण तुम्ही तिथे दक्षिण कडेवर उभे असता आणि उत्तरेकडे बघत असता, दुपारचा सूर्य तुमच्या पाठीमागून डोक्यावरून समोरच्या प्रत्येक खडकावर सारखं ऊन ओततो, सावली म्हणून नाही. आणि सावली नाही तर खोली नाही. दरी असते ती सावलीत असते, उन्हात फक्त दगड असतो.

पण हीच रचना सकाळ-संध्याकाळ तुमच्या बाजूने काम करते. दरी साधारण पूर्व-पश्चिम गेलेली, तुम्ही उत्तरेकडे बघताय, म्हणजे उगवताना ऊन उजवीकडून आणि मावळताना डावीकडून आडवं येतं. प्रत्येक सुळक्याची एक बाजू उजळलेली, दुसरी काळी, आणि मागे तसाच दुसरा सुळका, त्याच्या मागे तिसरा. कोकणकड्यासारखं सूर्याच्या डोळ्यात डोळे घालून फोटो काढायची सक्तीच नाही. तुमच्या तारखांना तिथे सूर्योदय सकाळी सहाच्या आसपास आणि सूर्यास्त संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान असेल. उजेड नसताना पोचायचं, म्हणजे सकाळी सव्वापाचला जागेवर. आणि थंडी वाजेल हं, दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून २१०० मीटरच्या आसपास आहे, आपल्या कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटर वर. फिनिक्सला ४० अंश असेल म्हणून हाफ शर्टात जाल तर पहाटे कुडकुडाल, सप्टेंबरात तिथे पारा १० च्या खाली सहज जातो. काकूंना स्वेटर आणि कानटोपी, लाज बाळगू नका.

अजून एक फायदा आहे तो कोणी सांगत नाही. ठाणे १९ अक्षांशावर, ते ३६ वर. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, तिकडे तिरका घसरत जातो, म्हणून मऊ उजेड थोडा जास्त वेळ टिकतो. सूर्य बुडाल्यापासून दिवे लावायची वेळ होईपर्यंत आपल्याकडे २२-२३ मिनिटं मिळत असतील तर तिथे या दिवसांत २६ च्या आसपास. तीन-चार मिनिटं म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण त्या वेळात रंग तीनदा बदलतो.

पॉइंट कुठले? इथे माझं मत जरा वेगळं आहे आणि पटलं नाही तर सोडून द्या. एका संध्याकाळी एकच पॉइंट. माझ्या पहिल्या ट्रिपला आम्ही एका टूरबरोबर होतो, पाच तासात सात पॉइंट, प्रत्येक ठिकाणी "चला चला बस सुटतेय", आणि ज्या क्षणी ढगातून ऊन फुटलं त्या क्षणी मी बसमध्ये खिडकीच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो. तेव्हापासून ठरवलं की दोन-अडीच तास आधी जायचं, एक जागा धरायची आणि हलायचं नाही. संध्याकाळसाठी होपी पॉइंट घ्या, तो दरीत पुढे घुसलेला आहे त्यामुळे पूर्व-पश्चिम दोन्हीकडे बघता येतं. तिकडचा हर्मिट रोड मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो, पार्कची फुकट शटल बस पकडावी लागते, सूर्यास्तानंतरच्या शेवटच्या बसची वेळ बघून ठेवा नाहीतर अंधारात पायपीट. दुसऱ्या दिवशी पहाटे यावापाय किंवा माथर, चालत जाण्यासारखे आहेत आणि काकूंना बसायला कठडे आहेत. आणि तिसरा माझा लाडका, लिपन पॉइंट, डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्यावर, गाडीने जाता येतं, गर्दी कमी आणि तिथून खाली कोलोरॅडो नदी वळताना दिसते. बऱ्याच पॉइंटवरून नदी धड दिसतच नाही, आणि ज्याने हे सगळं कापलं तेच पाणी फोटोत नसलं तर मला चुकल्यासारखं वाटतं.

माथरहून पूर्वेकडे एक टोकदार शिखर दिसतं, त्याचं नाव विष्णू टेंपल. खरंच. ब्रह्मा टेंपल आणि शिवा टेंपल पण आहेत. १८८० च्या दशकात क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला या सुळक्यांकडे बघून पूर्वेकडची देवळं आठवली आणि अशी नावं द्यायची प्रथा त्याने पाडली. दरीच्या तळाशी जो काळा जुना खडक आहे त्याचं नावही विष्णू शिस्ट, वय १७० कोटी वर्षांच्या वर. आपला सह्याद्रीचा दगड ६.६ कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्याच्यापुढे कालचं पोर. पहाटे माथरला विष्णू टेंपलच्या मागे आकाश तांबडं होतं तेव्हा ५५-२५० लावून नुसतं ते शिखर नि मागचे दोन-तीन थर एवढंच घ्या.

इथेच लेन्सचं अर्धं उत्तर आलं. वाइड लेन्स दरीला लहान करते, मागचे सुळके खेळण्यातल्यासारखे होतात आणि निम्म्या फ्रेममध्ये रिकामं आकाश. टेली लेन्स (लांबचं जवळ ओढणारी, तुमची ५५-२५०) थर एकमेकांजवळ आणते, सावलीवर सावली बसते. माझ्या तिथल्या चांगल्या फोटोंपैकी बरेचसे १०० ते २०० मिलिमीटरच्या दरम्यानचे आहेत. तुमची ५५-२५० वजनाला हलकी, तिला लोक नावं ठेवतात, एफ ८ ला (लेन्सचं छिद्र मध्यम उघडं) उत्तम चालते.

आता रंगाबद्दल, कारण सगळ्यात जास्त घाण इथे होते. लहानपणी आम्ही नौपाड्यात जुन्या चाळीत राहायचो. आमच्या आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये जेमतेम सहा-सात फुटांची गल्ली, तिथे थेट ऊन कधी यायचंच नाही. समोरची भिंत गेरूच्या रंगाची होती. सकाळी अकरा-साडेअकराला वर कुठेतरी त्या भिंतीवर ऊन पडायचं आणि दहा-पंधरा मिनिटं अख्खी गल्ली आतून दिवा लावल्यासारखी केशरी व्हायची, आईने घासून पालथी घातलेली स्टीलची पातेली तांब्याची वाटायची. मला तेव्हा वाटायचं ऊनच केशरी आलंय. तीस वर्षांनी पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनच्या अरुंद घळीत उभा राहिलो तेव्हा ट्यूब पेटली की ही आमचीच गल्ली आहे. तिथेही वरच्या भिंतीवर ऊन पडतं, तिथून समोरच्या भिंतीवर उसळतं, तिथून परत खाली, प्रत्येक उडीला दगडाचा लाल-केशरी रंग घेत घेत उजेड तळाशी येतो. म्हणून वर पिवळा, मधे केशरी, खाली लाल आणि अगदी कोपऱ्यात, जिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो तिथे जांभळा-निळा. हे रंग खरे आहेत, फोटोशॉपमधले नाहीत.

आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग आपोआप जुळवून घेणारी सेटिंग) काय करतो? त्याला वाटतं हे केशरी चुकून आलंय, दुरुस्त करूया, आणि तो सगळं धुवून टाकतो. म्हणून तिथे व्हाइट बॅलन्स डेलाइटला लावून ठेवा, त्याच्या जवळपास ५२०० ते ५५०० केल्विन, आणि पाच दिवस हात लावू नका. रॉमध्ये (कॅमेऱ्याने काही न बदललेली कच्ची फाइल) काढा म्हणजे नंतर बदलता येतं, पण स्क्रीनवर खरं दिसलं तर जागेवरच कळतं आपण काय काढतोय. मोठ्या दरीतही हेच, उन्हातला दगड तांबडा आणि सावलीतला निळसर, ती निळाई काढून टाकू नका, तिच्यामुळेच तांबडं तांबडं दिसतं.

दुसरी गोची म्हणजे लाल चॅनेल. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत काय किती आहे त्याचा आलेख) सांगेल सगळं ठीक आहे, आणि घरी येऊन बघाल तर लाल दगड सपाट, आत पोत नाही, जसा प्लास्टिकचा टब. कारण तीन रंगांपैकी एकटा लाल आधीच भरून ओतलेला असतो. मेनूत जाऊन तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल टोकाला चिकटला की एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). सावली काळी झाली तरी चालेल, काळ्यातून थोडंफार परत मिळतं, फुटलेल्या उजेडातून काही मिळत नाही. आणि जिथे आकाश नि दरी दोन्ही हवंच तिथे ब्रॅकेटिंग, एक नॉर्मल, एक दोन स्टॉप खाली, एक दोन स्टॉप वर, नंतर जोडायचे. पण जोडताना सावली पूर्ण उजळवू नका बरं का, मघाशी म्हटलं ना दरी सावलीत असते, ती उजळवली की परत चुरगाळलेला कागद.

पोलरायझर (आकाश गडद करणारा, चमक कापणारा फिल्टर) असेल तर जपून. तो सूर्याशी काटकोनात सगळ्यात जास्त चालतो आणि सकाळ-संध्याकाळ सूर्य बाजूला असताना तुम्ही उत्तरेला बघताय म्हणजे बरोब्बर काटकोनात. वाइड लेन्सवर आकाशाच्या मधोमध गडद निळा डाग आणि दोन्ही कडा फिक्या. हा डाग नंतर काढणं म्हणजे डोक्याला ताप. टेलीवर लावा, तिथे धूसरपणा कापायला कामाचा आहे.

आकाशाकडे येतो, कारण तुमच्या तारखा मला सगळ्यात जास्त आवडल्यात. लोक म्हणतील ऑक्टोबरमध्ये जा, आकाश स्वच्छ असतं. स्वच्छ निळं आकाश फोटोला काय कामाचं? तुम्ही जाताय तेव्हा तिकडेही पावसाळा असतो, आणि ते लोक त्याला मान्सूनच म्हणतात, साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. पण आपल्यासारखी चार महिन्यांची झड नाही. सकाळ कोरी करकरीत, अकरा वाजता कापसाचे दोन पुंजके, दोनला त्यांचे डोंगर होतात, चारला कुठेतरी गडगडाट, सहाला फुटून मोकळं. म्हणजे आपण जूनच्या पहिल्या आठवड्यात बघतो तसा वळिवाचा पाऊस, पण जवळजवळ रोज, आणि शंभर किलोमीटर लांबून दिसणारा.

मागच्या वेळी लिपन पॉइंटला मी चार वाजल्यापासून बसलो होतो. पाचला पश्चिमेकडे एक ढग इतका दाट झाला की दरी शिशासारखी राखाडी, सगळे लोक गाड्यांत बसून निघून गेले. ढगाखाली पावसाच्या झिपऱ्या लोंबत होत्या आणि त्या जमिनीपर्यंत पोचतच नव्हत्या, हवा इतकी कोरडी की थेंब अर्ध्या वाटेत विरतात, इंग्रजीत त्याला व्हर्गा म्हणतात. सहा वाजून दहा मिनिटांनी ढगाच्या नि क्षितिजाच्या मधे एक बोटभर फट पडली आणि तिच्यातून ऊन आडवं आत आलं. आधी एक सुळका पेटला, फक्त एकच, बाकी सगळी दरी अंधारात. मग तो विझला नि डावीकडचा पेटला. मग त्या पावसाच्या झिपऱ्याच गुलाबी झाल्या. एकूण खेळ अकरा मिनिटांचा, मी घड्याळ बघितलेलं. त्यात चाळीसेक फोटो काढले, एक घरी भिंतीवर आहे, आणि त्यात दरीचा नव्वद टक्के भाग काळा आहे. निघून गेलेल्यांतला एक जण नंतर पार्किंगमध्ये भेटला, म्हणाला हवामान खराब निघालं आज.

मात्र वीज. कड्यावर तुम्हीच सगळ्यात उंच असता, हातात ट्रायपॉड, समोर लोखंडी रेलिंग. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर सरळ गाडीत किंवा इमारतीत जायचं आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तिथेच. विजेचा फोटो गाडीच्या आतून, काच पुसून, डॅशबोर्डवर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा, संधिप्रकाशात १५-२० सेकंदांचं शटर.

आणि पाणी. अँटिलोपमध्ये १२ ऑगस्ट १९९७ ला ११ पर्यटक पुराच्या लोंढ्यात गेले आणि ते जिथे होते तिथे पावसाचा जोर नव्हताच, पाऊस वरच्या अंगाला काही किलोमीटर लांब पडला होता. आपल्या सांदण दरीत पावसाळ्यात साम्रदचे गावकरी उतरू देत नाहीत तेच कारण. त्यामुळे तिकडे टूर कॅन्सल झाली तर हुज्जत घालू नका. ती जागा नवाहो या मूळ अमेरिकन लोकांच्या हद्दीत आहे, गाइडशिवाय प्रवेश नाही, नेहमीच्या टूरमध्ये ट्रायपॉड आणि बॅग न्यायला बंदी. आयएसओ (कमी उजेडासाठी वाढवायचा आकडा) ८०० ते १६०० करा, भिंतीला पाठ टेकवा, श्वास रोखा, काढा. वर बघून काढा, खाली माणसांची डोकी असतात. वरून पडणारा उन्हाचा झोत अप्पर कॅन्यनमध्ये मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत दुपारी बाराच्या आगेमागे येतो, तुम्हाला ऑगस्टच्या शेवटी चांगला मिळेल. पण मी म्हणेन झोताच्या मागे फार लागू नका, त्या वेळी गर्दी मरणाची असते, आणि खरी मजा झोतात नाही, झोत जिथे आपटून भिंतीवर पसरतो तिथे आहे.

घड्याळाचा घोळ लिहून ठेवा. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, युटा करतं, आणि नवाहो हद्दीतले लोक ॲरिझोनात असूनही करतात. पेजजवळ मोबाईल कधी हा टॉवर पकडतो कधी तो, आणि तासाभराने उड्या मारतो. मी पेजहून मॉन्युमेंट व्हॅलीला पाचच्या जीप टूरला बरोबर पाच वाजता पोचलो, तर तिथे सहा वाजलेले, जीप कधीच गेलेली, पैसे बुडाले. चूक माझीच. बुकिंग करताना "कुठली वेळ" हे विचारून घ्या आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा. (आणि पेजच्या अँटिलोपच्या टूर ॲरिझोनाच्या वेळेने चालतात, अजून गोंधळ.)

मॉन्युमेंट व्हॅलीला संध्याकाळ करा, व्हिजिटर सेंटरसमोरून पूर्वेकडे बघायचं असल्यामुळे मावळतीचं ऊन सुळक्यांवर समोरून पडतं, सकाळी नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात, त्याही छान असतात. वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या मध्याला, मिटन नावाच्या दोन हातमोज्यासारख्या सुळक्यांपैकी एकाची सावली बरोब्बर दुसऱ्यावर पडते. तुमचा परतीचा प्रवास एक-दोन दिवस पुढेमागे होत असेल तर तेवढं मुलीच्या कानावर घाला. ड्रोन कुठेच नाही, ना नॅशनल पार्कात ना नवाहो हद्दीत. कोणी जावई-भाचा म्हणाला चालतं, तर चालत नाही.

ट्रायपॉड न्या, पण हलका. तुमचं निम्मं काम उजेड कमी असतानाचं आहे. उभा केल्यावर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरून घेणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, मधली दांडी वर काढू नका, वारा जोरात असतो. विमानात चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून घाला. आणि लेन्स बदलायची ती गाडीच्या आत, काचा लावून. पेजजवळच्या हॉर्सशू बेंडला मी वाऱ्यात उभ्या उभ्या लेन्स बदलली, सेन्सरवर जी वाळू गेली ती पुढच्या चार दिवसांच्या प्रत्येक आकाशात काळे तीळ होऊन बसली. छोटा रबरी ब्लोअर मिळतो, शंभर-दोनशे रुपयांत, तो घ्या. बुरशीची मात्र तिकडे काळजी नाही, सिलिका जेलच्या पुड्या घरी कपाटातच राहू देत.

आता राहिली १०-१८. तिची खरी गरज एकाच ठिकाणी आहे, ते हॉर्सशू बेंड. तिथे कड्याच्या टोकावरून खाली साधारण ३०० मीटरवर नदी घोड्याच्या नालेसारखी वळते आणि तुमच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरला नाल दोन्ही बाजूंनी कापली जाते, दहा लागतात. पण त्यासाठी लेन्स विकत घ्यायची? कॅमेरा उभा धरा, १८ वरच, एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, डावीकडून उजवीकडे सहा-सात फोटो, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा आला पाहिजे, घरी जोडा. नदी संथ आहे, नीट जुळतं. जमेल का अशी शंका असेल तर आधी गच्चीवरून पारसिक असाच जोडून बघा. आणि अगदीच राहवत नसेल तर जायच्या आधी दोन दिवस ठाण्यात किंवा दादरला भाड्याने घेऊन बघा, तुमच्या १८-५५ पेक्षा वेगळं काय मिळतं ते डोळ्याने ठरवा. जोडलेला पारसिक मला पाठवा, कुठे शिवण दिसतेय ते सांगतो.